सतराव्या शतकातली लढाई कागदावर उतरवताना

इतिहासकार लिहितो, ‘उजव्या बगलेच्या घोडदळानं हल्ला चढवला.’ वाक्य संपलं. स्वारांच्या हातात पिस्तुलं होती की तलवारी, ऊन समोरून येत होतं की पाठीमागून, जमीन कोरडी होती की चिखलाची, यातलं काही त्याला सांगावं लागत नाही. चित्र काढणाऱ्याला मात्र हे सगळं सांगावंच लागतं. घोडा काढला की त्याला रंग द्यावा लागतो आणि त्याचे पाय कुठे तरी टेकवावे लागतात. लेखकाला जिथे गप्प बसता येतं, तिथेही आपल्याला बोलावं लागतं. म्हणून आपण काय बोलतो आहोत आणि कशाच्या आधारावर, याचा हिशेब ठेवणं हे या कामाचं मूळ आहे. हात चांगला असणं त्याच्या नंतर येतं.

लष्करी इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं बहुतेक सतराव्या शतकातल्या युरोपातली आहेत: तीस वर्षांचं युद्ध (१६१८ ते १६४८), इंग्लंडमधलं यादवी युद्ध (राजा विरुद्ध पार्लमेंट) आणि पोलंडचे हुसार, म्हणजे भालाधारी घोडदळ. मी ज्या क्रमानं काम करतो, त्याच क्रमानं सांगतो.

आधी क्षण ठरवा

संपादकाकडून मागणी येते ती साधारण अशी: ‘ल्युत्सेनची लढाई, दुपानी चित्र.’ एवढ्यावर पेन्सिल उचलू नका. लढाई दिवसभर चालते आणि चित्रात फार तर दोन सेकंद मावतात. पहिला प्रश्न विचारा: किती वाजता?

ल्युत्सेनचंच घ्या. हे जर्मनीतलं गाव. १६ नोव्हेंबर १६३२. सकाळी दाट धुकं होतं, ते अकराच्या सुमाराला विरळ झालं आणि मग खरी लढाई पेटली. सम्राटाचा सेनापती व्हालेनस्टाइननं गावाला आग लावायला सांगितली होती, तो धूर मैदानावर पसरत होता. दुपारच्या सुमारास त्याचाच सरदार पापेनहाइम ताज्या दमाचं घोडदळ घेऊन पोचला आणि थोड्याच वेळात प्राणघातक जखमी झाला. मग धुकं पुन्हा दाटलं. त्याच धुराधुक्यात स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ आपल्या लोकांपासून तुटला आणि शत्रूच्या स्वारांनी त्याला मारलं. सव्वाअकराचं चित्र काढलंत तर समोरासमोरच्या फळ्या, निशाणं, रस्त्याकडेच्या खंदकातले बंदूकधारी असं सगळं दाखवता येईल. राजाच्या मृत्यूचं काढलंत तर चार-पाच घोडे आणि भोवती राखाडी पडदा, एवढंच दिसायला हवं. या दोन चित्रांचं रंगपेटीपासून सगळं वेगळं आहे. लेखकाशी बोलून, त्याच्या मजकुरातल्या नेमक्या परिच्छेदावर बोट ठेवून क्षण पक्का करा आणि तो लिहून घ्या. पुढचे निम्मे वाद इथेच मिटतात.

मग संदर्भ गोळा करा, आणि प्रत्येकाची खोड ओळखा

त्या काळातलं चित्र मिळालं की नवख्याला वाटतं, काम झालं. तसं नसतं. पीटर स्नायर्ससारख्या चित्रकाराच्या लढाया पाहा. पुढे एका उंचवट्यावर सेनापती, त्याचा घोडा पुढचे पाय उचललेला, आणि मागे सगळं मैदान पक्ष्याच्या नजरेतून नकाशासारखं पसरलेलं. हा त्या चित्रप्रकाराचा संकेत आहे. तिथे तसा उंचवटा होता असा त्याचा अर्थ नाही. पोलंड आणि स्वीडन यांच्यातली किर्कहोमची लढाई १६०५ची, आणि स्नायर्सनं ती रंगवली साधारण पंचवीस वर्षांनी. अशा चित्रातून पथकांची मांडणी घ्या. कपड्यांचे बारकावे घेताना ते चित्रकाराच्या काळातले की लढाईच्या काळातले, ते तपासा.

छापील चित्रांची खोड वेगळी. ताम्रपटावर कोरलेलं छापताना उलटं होतं. एकानं छापलेलं चित्र पाहून दुसऱ्यानं पुन्हा कोरलं की डावं-उजवं फिरतं. मी सुरुवातीला एका कोरीव चित्रावरून स्वारांची अख्खी रांग काढली. सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला लटकत होत्या, आणि ते माझ्या लक्षात आलं रंगकाम संपल्यावर. तेव्हापासून कुठल्याही छापील चित्राकडे पाहताना मी आधी म्यान कुठल्या बाजूला आहे ते पाहतो. तलवार उजव्या हातानं उपसायची म्हणून म्यान डावीकडे. सगळेच डावखुरे दिसले तर चित्र उलटलेलं आहे.

कवायतीची पुस्तकं हा तिसरा साठा, आणि फार मोलाचा. याकोब द गेनची १६०७ची पायदळ कवायतीची चित्रं बंदूक भरण्याची एकेक हालचाल दाखवतात. घोडदळासाठी वाल्हाउझेनचं १६१६चं आणि इंग्रजीत जॉन क्रूसोचं १६३२चं पुस्तक आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की ही पुस्तकं ‘कसं असावं’ ते सांगतात. तीन महिने पावसात तळ ठोकलेलं पथक त्या पानासारखं दिसत नसे. तसं ते कसं दिसत असे हे हवं असेल तर जाक कालोची १६३३ची अठरा कोरीव चित्रं पाहा. लूट, फाशी, भीक मागणारे जखमी सैनिक, सगळं तिथे आहे.

चौथं म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. ऑस्ट्रियात ग्रात्स इथलं शस्त्रागार १६४०च्या दशकात बांधलं गेलं आणि तिथे आजही सुमारे ३२ हजार वस्तू आहेत. त्यातल्या पुष्कळशा सामान्य शिपायाच्या आहेत, आणि म्हणून त्या मला राजेरजवाड्यांच्या कोरीव चिलखतांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये यादवी युद्धाच्या काळातले कातडी कोट आणि शिरस्त्राणं आहेत. स्टॉकहोमच्या शाही शस्त्रागारात गुस्ताव अडॉल्फनं ल्युत्सेनला घातलेला कातडी कोट गोळ्यांच्या भोकांसकट ठेवला आहे, आणि त्याचा घोडा श्ट्राइफसुद्धा कातडं भरून उभा केलेला आहे. लढाईत असलेला घोडा आणि अंगरखा दोन्ही एकाच छताखाली पाहायला मिळणं ही आपल्या धंद्यात फार दुर्मिळ गोष्ट आहे.

आणि पाचवं, जे चित्रकार बहुधा विसरतात, ते म्हणजे लढलेल्या माणसांचे शब्द. ब्राइटेनफेल्डला (१६३१) स्वीडनच्या बाजूनं लढलेला स्कॉट अधिकारी रॉबर्ट मन्रो सांगतो की धूर आणि धूळ इतकी झाली की जणू काळ्या ढगात सापडलो. मग त्यानं ढोलकऱ्याला स्कॉटिश कूच वाजवायला लावली, आणि त्या आवाजाच्या रोखानं त्याची माणसं गोळा झाली. धुरात उभा एक ढोलकरी आणि चाचपडत त्याच्याकडे येणारी माणसं. कुठल्याही आयत्या घोडदौडीपेक्षा हे चित्र मला खरं वाटतं.

घोडा: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

चिलखताचा खिळा चुकला तर शंभरातल्या दोघांना कळतं. घोडा चुकला तर सगळ्यांना कळतं, नेमकं काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी.

आधी चाल. घोडा चालतो तेव्हा चार ठोके पडतात. दुडक्या चालीत तिरक्या जोडीतले दोन पाय एकदम पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा. त्याहून वेगात तीन ठोके, आणि चौखूर उधळला की पुन्हा चार ठोके आणि त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. हा क्षणभराचा भाग नीट समजून घ्या. एडवर्ड मायब्रिजनं १८७८ मध्ये धावत्या घोड्याचे एकापाठोपाठ एक फोटो काढले, त्यात दिसलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. त्याआधीच्या चित्रांमध्ये भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगताना दिसतो. घोडा तसा कधीच नसतो. जुन्या चित्रावरून नक्कल करताना ही चूक सहज उतरते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घोडदळ बहुतेक वेळ भरधाव नसेच. हल्ला करणाऱ्या पथकाची ताकद एकसंध फळीत होती, स्वाराचा गुडघा शेजारच्याच्या गुडघ्याला लागेल इतकी दाट. घोडे जोरात सोडले की वेगवान पुढे जातात, मंद मागे राहतात आणि फळी फुटते. म्हणून दुडक्या चालीनं जायचं आणि वेग वाढवायचा तो अगदी शेवटी. तुमच्या चित्रातला प्रत्येक घोडा चौखूर उधळलेला असेल तर ते हल्ल्याचं चित्र राहिलं नाही, पळापळीचं झालं. दुडक्या चालीतली दाट फळी काढायला अवघड असते, कारण पाय एकमेकांत गुंततात आणि पुढच्या घोड्यांनी मागचे झाकले जातात. पण पाहणाऱ्याच्या अंगावर येते ती तीच.

बांधा. आज शर्यतीत धावणारा उंच, लांब पायांचा, सडपातळ घोडा ही जात अठराव्या शतकात घडली. १६३२ च्या स्वाराखाली तो काढू नका. दुसऱ्या टोकाला, ‘जड चिलखत म्हणजे जड घोडा’ असं समजून मालवाहू घोड्यांसारखे प्रचंड खूर आणि पायांवर केसांचे झुपकेही नकोत. त्या काळातल्या चांगल्या लष्करी घोड्याची पाठ आखूड, मान जाड आणि कमानदार, छाती रुंद, आणि पुष्कळदा नाकाची रेघ किंचित बाहेर फुगलेली असे. खांद्याशी उंची दीड मीटरच्या आसपास धरली तर फारसं चुकत नाही. आजच्या डोळ्याला स्वार घोड्याच्या मानानं मोठा वाटेल. वाटू द्या.

बसण्याची ढब. खोगिराला पुढे-मागे उंच बांध, रिकीब लांब, आणि पाय जवळजवळ सरळ खाली, किंचित पुढे. गुडघे वर घेऊन घोड्याच्या मानेवर झुकायची बैठक इटालियन घोडदळातला अधिकारी काप्रिल्ली यानं १९००च्या सुमारास रूढ केली. आजच्या घोडेस्वारांचे फोटो समोर ठेवून काढलेल्या चित्रांत ती नकळत शिरते. मी तर फोटोसाठी कोणाला घोड्यावर बसवलं की आधी रिकिबी लांब करून घेतो. लगामही पाहून ठेवा. तोंडातल्या लोखंडाला खाली लांब दांडे असत, आणि लगाम एकट्या डाव्या हातात असे, कारण उजव्यात हत्यार.

पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर तोललेला घोडा दरबारी शिक्षणातला आहे आणि राजांच्या चित्रांत शोभतो. लढाईच्या चित्रात असे तीन घोडे दिसले तर संपादकानं ते परत पाठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वार आणि त्याचं सामान

इथे शतक सांगून भागत नाही, दशक सांगावं लागतं. १६२०च्या सुमारचा क्युरॅसिअर गुडघ्यापर्यंत चिलखतात, चेहरा झाकणारं शिरस्त्राण, पुढे खोगिराला दोन पिस्तुलं, गुडघ्याखाली जाड बूट. वीस वर्षांनी हे चित्र बरंच विरळ झालेलं दिसतं. इंग्लंडमध्ये १६४३ मध्ये पार्लमेंटच्या बाजूच्या हेझलरिगची अशी चिलखतधारी पलटण होती, लोक तिला ‘लॉब्स्टर’ (कवचाची शेवंड) म्हणत. त्या वर्षी राउंडवे डाउनच्या लढाईत हेझलरिगवर अगदी जवळून पिस्तुलं झाडली गेली, तरी चिलखतामुळे तो वाचला. पण असं पथक तोवर अपवाद होतं. बहुसंख्य स्वार हार्कबुझिअर झाले होते: जाड कातडी कोट, त्यावर छाती-पाठीचं चिलखत, मानेवर पट्ट्या आलेलं शिरस्त्राण, खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवलेली आखूड बंदूक, दोन पिस्तुलं, तलवार. लोखंडी लांब हातमोजा असलाच तर फक्त डाव्या हातात, लगाम धरणाऱ्या. तो दोन्ही हातांत काढणं ही नेहमीची चूक आहे.

सगळ्यांकडे सगळं असेलच असंही नाही. खुद्द गुस्ताव अडॉल्फ ल्युत्सेनला चिलखताशिवाय होता, कारण १६२७ मध्ये डिर्शाउला खांद्याजवळ लागलेल्या गोळीमुळे त्याला ते सहन होत नसे.

चिलखत चकचकीत करू नका. संग्रहालयातल्या पुष्कळ वस्तू नंतरच्या लोकांनी घासून पांढऱ्या केल्या आहेत. साध्या स्वाराचं चिलखत गंजू नये म्हणून बहुधा काळं केलेलं असे. काळ्या पत्र्यावर आकाशाचा निळसर उजेड पडतो आणि कडेला, जिथे रंग उडाला आहे, तिथे लोखंड दिसतं. रंगवायलाही ते चंदेरीपेक्षा जास्त समाधान देतं.

पिस्तुलाची कळ समजून घेतल्याशिवाय ते काढू नका. पायदळाची बंदूक तोड्याची. पेटती वात हातात घेऊन घोडा आवरणं कठीण, म्हणून स्वाराकडे चाकाच्या कळीचं पिस्तूल. किल्लीनं चाक फिरवून ताणायचं, चाप ओढला की चाक गरगरून दगडावर घासतं आणि ठिणगीनं रंजक पेटते. म्हणजे एकदा झाडलेलं पिस्तूल घोड्यावर बसून लगेच भरता येत नाही. हाणामारीच्या चित्रात पिस्तूल भरणारा स्वार दिसला तर तो चुकला. रिकामं पिस्तूल उलटं धरून दस्त्यानं मारणारा दाखवा, किंवा ते पुन्हा म्यानात खुपसून तलवारीकडे हात नेणारा. पिस्तूल अंगाला जवळजवळ टेकवूनच झाडायचं, तरच चिलखत भेदण्याची आशा. ल्युत्सेनच्या मैदानात २०११ मध्ये सापडलेल्या सामूहिक थडग्यात ४७ जणांचे सांगाडे होते, त्यातल्या अनेकांच्या डोक्यात गोळ्या लागलेल्या. तलवारींच्या खणखणाटाची जी लढाई आपण मनात पाहतो, तिच्याशी हे जुळत नाही, आणि म्हणून मी माझ्या चित्रांत गोळीबार वाढवला.

ड्रॅगून वेगळे. ते घोड्यावरून जात, पण लढत पायी. त्यांचं चित्र काढायचं तर मागे कुठे तरी घोडे सांभाळणारा माणूस हवा, साधारण दहा घोड्यांमागे एक.

पोलिश हुसारांबद्दल एवढंच सांगतो, कारण सगळ्यांना काढायचे असतात ते पंखच. १६०५ मध्ये राजा सिगिस्मुंड तिसरा याच्या लग्नाची वरात क्राकूमध्ये शिरली, तिचं सुमारे पंधरा मीटर लांबीचं रंगीत गुंडाळीचित्र आहे. स्वीडिश सैन्यानं ते लुटून नेलं होतं, १९७४ मध्ये पोलंडला परत मिळालं, आता वॉर्सॉच्या राजवाड्यात आहे. हुसारांसाठी याच्याइतका जवळचा साक्षीदार क्वचितच मिळेल. पण ती वरात आहे हे विसरू नका. लग्नात घातलेलं सगळंच लोक लढाईत घालतात असं नाही. पाठीवरून कमान करून डोक्यावर येणारे दोन पंख हे रूप सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाचं. ते उचलून १६०५ च्या किर्कहोमला लावू नका. भाला मात्र लांब काढा, साडेचार-पाच मीटरचा. आतून पोकळ केलेला असल्यामुळेच इतका लांब भाला पेलता येत असे. टोकाला लांबलचक निशाण. पान पुरत नाही म्हणून भाला आखूड करायचा मोह होतो. त्यापेक्षा तो चौकटीबाहेर जाऊ द्या.

कोण कोणाच्या बाजूचा

सगळ्या सैन्याला एकसारखा गणवेश या काळात बहुधा नसे. दोन्ही बाजूंचे स्वार तेच कातडी कोट, तीच शिरस्त्राणं घालत. ओळख खांद्यावरच्या किंवा कमरेच्या शेल्यावरून, टोपीतल्या फांदीवरून, कागदाच्या तुकड्यावरून. एजहिलला (१६४२) पार्लमेंटच्या बाजूची फोर्टेस्क्यूची तुकडी ऐन लढाईत राजाला जाऊन मिळाली, पण काही जण नारिंगी शेले काढायला विसरले आणि ज्यांच्याकडे गेले त्यांच्याच हातून मेले. मार्स्टन मूरला (१६४४) पार्लमेंटचा सेनानी सर टॉमस फेअरफॅक्स शत्रूच्या गर्दीत एकटा सापडला. त्यानं टोपीतली पांढरी खूण काढून टाकली आणि शत्रूच्या रांगांतून सरळ घोडा घालून बाहेर पडला.

यातून चित्रासाठी दोन कामं होतात. शेल्याचा रंग लेखकाकडून लेखी घ्या, कारण तोच वाचकाला बाजू सांगणार आहे. आणि सगळ्यांना तो नवा कोरा देऊ नका. कोणाचा फाटलेला, कोणाचा धुऊन विटलेला, कोणाचा नाहीच. चित्रात थोडा गोंधळ उरला तर तो तिथे खरोखर होता.

तारीख, ऊन, पीक

इंग्लंड तेव्हा जुन्या दिनदर्शिकेवर चालत होतं आणि ती दहा दिवस मागे होती. मार्स्टन मूरची २ जुलै म्हणजे आजच्या हिशेबानं १२ जुलै. एजहिलची २३ ऑक्टोबर म्हणजे २ नोव्हेंबर, आणि लढाई सुरू झाली दुपारी तीनच्या सुमारास. म्हणजे सूर्य मावळायला जेमतेम दीड तास, सावल्या लांबच लांब. आकाशाचा नकाशा दाखवणारा स्टेलॅरियमसारखा मोफत प्रोग्रॅम घ्या, बदललेली तारीख आणि जागा घाला, सूर्य कुठे आणि किती उंच होता ते डोळ्यांसमोर येतं. मार्स्टन मूरला पार्लमेंटचं सैन्य दक्षिणेकडून उत्तरेला तोंड करून होतं आणि हल्ला झाला संध्याकाळी सातच्या पुढे, गडगडाटी पावसाच्या सरीबरोबर. म्हणजे जो काही उजेड होता तो त्यांच्या डाव्या हाताकडून, तिरपा, ओल्या राईच्या शेतावरून येणारा. इतकं समजलं की रंग जवळजवळ आपोआप ठरतात.

शेताचं म्हणाल तर गहू आणि राई आजच्यासारखी बुटकी नव्हती. बुटक्या जाती विसाव्या शतकातल्या. जुनं पीक माणसाच्या छातीपर्यंत येई. जुलैच्या चित्रात घोड्यांचे पाय पिकात बुडालेले असू शकतात, आणि ज्या वाटेनं पथक आलं तिथे ते पीक झोपलेलं. शक्य असेल तर ती जागा स्वतः पाहा. नाही तर निदान उंचसखल दाखवणारा नकाशा घेऊन बसा. छायाचित्रात सपाट वाटणाऱ्या मैदानावर दोन मीटरचा चढ असतो, आणि स्वाराला पलीकडचं पायदळ दिसतं की नाही ते त्या दोन मीटरवर ठरतं.

कुठे उभं राहून पाहायचं

आता रचना. माझा आग्रह असा की पाहणारा कोण आहे ते आधी ठरवा. पायदळातला शिपाई असेल तर त्याचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर पंचावन्न सेंटिमीटरवर. सपाट मैदानावर क्षितिजाची रेघ तेवढ्याच उंचीनं सगळ्यांना छेदते. दीड मीटर उंचीच्या घोड्याचं खोगीरही जवळपास तिथेच येतं. म्हणजे जवळचा असो की दूरचा, प्रत्येक स्वाराचं खोगीर क्षितिजाच्या रेघेवर बसवायचं आणि त्याचं धड आकाशावर उठलेलं. ही एक युक्ती वापरली तर गर्दीतले घोडे तरंगत नाहीत आणि पायदळाला घोडदळाची जी धास्ती वाटे ती चित्रात उतरते. पाहणारा स्वतः स्वार असेल तर डोळे सव्वादोन-अडीच मीटरवर, आणि पायदळाची डोकी क्षितिजाच्या खाली.

संख्येचा हिशेब कागदावर करा. गुडघ्याला गुडघा लावलेल्या स्वाराला आडवी जागा साधारण एक मीटर लागते. शंभर स्वारांची एक रांग म्हणजे निदान शंभर मीटर, आणि अशा तीन रांगा असतील तर पथक तीनशेचं. तीस मीटरवरून पाहिलं तर अख्खं पथक चौकटीत मावणार नाही. ‘हजारो स्वार’ एका चित्रात हवे असतील तर उंचावरून आणि लांबून पाहावं लागेल, आणि मग चेहरे दिसणार नाहीत. दोन्ही एकदम मागणाऱ्या संपादकाला हे लहान खर्डे दाखवूनच पटतं.

भालाइतांची फळी काढताना भाले पाच मीटरचे, म्हणजे माणसाच्या साधारण तिप्पट. घोडा त्यांच्यावर आपणहून आदळत नाही. तो अडतो, वळतो, मागचे पाय खाली घालून घसरतो. स्वार पुढे फेकला जातो. हे काढा.

धूर हा फार मोठा सोबती आहे. काळ्या दारूचा धूर पांढरा, दाट आणि जमिनीलगत रेंगाळणारा. जिथे तुम्हाला काय होतं ते माहीत नाही, तिथे धूर घालणं अगदी प्रामाणिक आहे, कारण तिथे उभ्या माणसालाही दिसत नव्हतं. मात्र धुराला वारा लागतो. सगळ्या चित्रात तो एकाच दिशेनं वाहू द्या, आणि निशाणंही त्याच दिशेला.

आणि घोडे मरतात. कुठल्याही चांगल्या वर्णनात मेलेले, पाय मोडलेले, मालक पडल्यावर मोकाट सुटलेले घोडे असतात. रक्ताचा सडा घालायची गरज नाही, पण स्वच्छ मैदानावरची लढाई मला तरी काढवत नाही.

खर्डा, तपासणी, छपाई

तळहाताएवढे पाच-सहा खर्डे, मग त्यातला एक मोठा करून पेन्सिलीत. पेन्सिलीतलं चित्र लेखकाला पाठवा, आणि सोबत नुसतं ‘कसं वाटतं’ विचारू नका. प्रश्न नेमके विचारा: शेला याच छटेचा का, या पलटणीकडे १६३२ मध्ये बंदुकीचे टेकू होते का, निशाणावर काय होतं. पेन्सिलीतला बदल दहा मिनिटांचा असतो, रंगातला दोन दिवसांचा. करारात पेन्सिलीनंतर किती फेऱ्या करायच्या ते लिहून घ्या, आणि मूळ चित्र कोणाकडे राहणार तेही.

दुपानी चित्रात मधोमध पुस्तकाची शिवण येते. माझ्या एका सुरुवातीच्या चित्रात मुख्य स्वाराचा चेहरा त्या शिवणीत गेला. छापून आलेलं पुस्तक उघडलं तेव्हा त्याच्या जागी एक घडी होती. आता मी पहिल्याच खर्ड्यावर मधे दोन बोटांची पट्टी आखतो आणि तिथे फक्त गवत, धूर किंवा एखाद्या घोड्याचा पुट्ठा ठेवतो. कडेनं कापणीसाठी तीन मिलिमीटर जादा रंग, स्कॅन प्रत्यक्ष छपाईच्या आकाराला निदान ३०० डीपीआय. करडे आणि तपकिरी रंग छपाईत एकमेकांत मिसळून गढूळ होतात, म्हणून धुराच्या करड्यात थोडा निळा आणि कातड्याच्या तपकिरीत थोडा पिवळा वेगळा राखा.

प्रत्येक चित्रामागे एक वही

शेवटचं काम चित्र पाठवल्यावरचं आहे आणि ते बहुतेक जण टाळतात. चित्राची एक लहान प्रत छापा, त्यावर आकडे टाका आणि प्रत्येक आकड्यासमोर लिहा: हे शिरस्त्राण कुठल्या संग्रहालयातल्या वस्तूवरून, हा शेला लेखकाच्या कुठल्या पत्रावरून, हे खोगीर कुठल्या कोरीव चित्रावरून. जिथे आधार नव्हता आणि अंदाज केला, तिथे ‘अंदाज’ असं स्वच्छ लिहा. चित्राखालच्या टिपेचा मजकूर लेखक यावरूनच तयार करतो, आणि अंदाजाचा उल्लेख त्या टिपेत यावा असा मी हट्ट धरतो. नाही तर दहा वर्षांनी दुसरा कोणी चित्रकार तुमचा अंदाज पुरावा समजून उचलतो.

पुस्तक बाहेर आलं की वाचकांची पत्रं येतात. कोणी तरी एखाद्या पट्ट्याचं बक्कल चुकल्याचं कळवतं, बहुधा फोटोसकट. वही काढून तो आकडा शोधा, समोर नवा आधार तारखेसह लिहा, आणि दुसऱ्या आवृत्तीआधी ती यादी न मागता संपादकाला पाठवून द्या.